पान न शोधता

लेंटमधल्या, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासाच्या दिवसांतल्या, एका बुधवारी रोझमंडने कालवांचं सूप आणलं. चर्चच्या पॅरिश हॉलमधल्या लांब टेबलावर पातेलं ठेवताना ती, सगळ्यांना नीट ऐकू जाईल इतक्या हळू आवाजात, म्हणाली, "अगदी साधं केलंय हं. घरात होतं ते टाकलं."

घरात काय होतं, तर खाडीतली ताजी कालवं, घट्ट साय, शेरी आणि वरून भुरभुरायला केशर. ऑगस्टाने पातेल्यात डोकावून पाहिलं. हा जर हिचा उपास, तर सणासुदीला ही बाई काय मोती उकडून वाढते, असं तिच्या मनात आलं.

तिचं स्वतःचं सूप काळ्या घेवड्याचं होतं. त्यात हॅमचं हाड सकाळपासून शिजत होतं, पण निघताना तिने ते चिमट्याने काढून घरी ठेवलं होतं. हाड घरी राहिलं म्हणजे सूप उपासाचं झालं, असा तिचा हिशेब होता आणि सेंट ओसवाल्ड पॅरिशमध्ये असे हिशेब कोणी तपासत नसे.

या बुधवारांची चाल या दोघींच्या, म्हणजे पेनिमन बहिणींच्या आजोबांनी, जज्जसाहेबांनी, घालून दिलेली. लेंटमध्ये दर बुधवारी नुसतं सूप आणि पाव खायचा, एकमेकांची विचारपूस करायची आणि मग धर्माचे चार शब्द ऐकायचे. रविवारी दोन उपासनांच्या मधल्या वेळात भरणारा प्रौढांचा वर्गही त्यांनीच काढला. वर्गाला अजून 'पेनिमन वर्ग'च म्हणतात आणि गेली तीस वर्षं तो ऑगस्टा घेत होती. जज्जसाहेबांची तसबीर हॉलच्या भिंतीवर होती. खालच्या टेबलावर त्यांच्या दोन नाती एकमेकींच्या पातेल्यांकडे डोळा ठेवून उभ्या होत्या. कोणाचं पातेलं आधी रिकामं होतं, हे वायफोर्ड गावात कोणी बोलून दाखवत नसे, पण गुरुवारी सकाळी पोस्टात तिकिटं घ्यायला गेलेल्या माणसालाही ते ठाऊक असे.

या लढाईत भरडला जायचा तो मधला भाऊ, विन्थ्रॉप. सत्तरीचा, गोल, गुलाबी, पॅरिशच्या कमिटीचा प्रमुख आणि जन्मात कोणाला 'नाही' न म्हटलेला. त्याने ऑगस्टाचा एक वाडगा खाल्ला की रोझमंडचा एक खायचा, हा त्याचा नियम होता. त्यात तो या वर्षी जुन्या प्रार्थनापुस्तकाप्रमाणे बुधवारचा कडक उपास धरत होता. सकाळपासून पाण्याशिवाय काही नाही. अख्ख्या पॅरिशमध्ये खरोखर उपाशी असलेला तो एकटा माणूस, आणि त्याला विचारलं तर कारण एवढंच सांगायचा, की पुस्तकात लिहिलंय.

"विन, तू फिकट दिसतोयस," ऑगस्टा म्हणाली. "बस आधी. हे घे."

"गसी, किती भरतेस! वाडग्याला काठ असतो."

"घेवडा आहे, पोटाला आधार होतो."

"हो, आणि वारा पण होतो," रोझमंड पलीकडून म्हणाली. "विन, याच्यानंतर माझ्याकडे ये. तुझ्यासाठी मोठी मोठी कालवं वेगळी काढलीत."

विन्थ्रॉपने दोघींकडे एकेक हसू टाकलं आणि चमचा उचलला.

रोझमंड मग ऑगस्टाच्या जवळ सरकली. दोघी बहिणींत सहा वर्षांचं अंतर. ऑगस्टा त्र्याहत्तर, उंच, हाडकुळी, नवऱ्याच्या जुन्या कोटात वावरणारी. रोझमंड ठेंगणी, नीटनेटकी आणि बातमी असली की मान थोडी तिरकी करणारी. आत्ता ती तिरकी होती.

"तुझ्या टेसाबद्दल ऐकलं. खरंय का ते?"

"काय ऐकलंस?"

"ईस्टरपासून ती नवऱ्याच्या, डेलच्या चर्चला जाणार म्हणे. त्या हायवेवरच्या. जिथे पूर्वी टाइल्सचं दुकान होतं." रोझमंडने 'टाइल्स' हा शब्द चिमटीत धरून बाजूला ठेवला. "तिथे ड्रम असतात गं, गसी. आणि लोक हात वर करतात."

"अजून काही ठरलं नाही."

"नाही, मी आपलं विचारलं. कारण वर्ग तू टेसाला देणार होतीस ना तुझ्यामागे? ती जर जाणार असेल, तर कमिटीला काहीतरी ठरवायला हवं. माझ्याकडे कॅथीड्रलांचे फोटो आहेत. दोन वर्षं सहज पुरतील."

"विनने तुला शब्द दिलाय वाटतं?"

"दिलाय तर."

"मलाही दिलाय," ऑगस्टा म्हणाली, आणि दोघींनी एकाच वेळी भावाकडे पाहिलं. त्याने दुसरा वाडगा जवळ ओढला होता आणि तो तसबिरीकडे मन लावून बघत होता.

ठरलं नाही, हे खरं होतं. पण ठरायला फक्त आजची संध्याकाळ उरली होती.

गेल्या रविवारी उपासना झाल्यावर, कॉफीचे कप विसळताना टेसाने विषय काढला होता. टेसा ऑगस्टाची एकुलती एक मुलगी. शाळेत इतिहास शिकवायची, आईसारखीच उंच आणि आईसारखीच वाकडं न बोलता वाकड्यात शिरणारी.

"आई, ईस्टरनंतर आम्ही चौघं डेलच्या चर्चला जाऊ म्हणतेय."

ऑगस्टाने हातातला कप पुन्हा एकदा विसळला. तो स्वच्छच होता.

"त्याने सांगितलं का तुला?"

"डेल? त्याने आजवर एका शब्दाने सुचवलं नाही. बारा वर्षं आपल्या बाकावर बसून तो आपलं सगळं निमूट ऐकतोय. आमच्या पिपाने विचारलं. म्हणाली, डॅडीच्या चर्चमध्ये लोक देवाशी बोलतात. आपण देवाशी बोलतो, की त्याला वाचून दाखवतो?"

"आठ वर्षांची पोर ती."

"हो ना. मी पंचेचाळीस वर्षांची आहे, आणि मला उत्तर आलं नाही." टेसाने फडकं खाली ठेवलं. "आई, तुझ्या वर्गात मी पहिल्यापासून बसतेय. आपण रंगीत काचांच्या खिडक्या केल्या. यात्रेकरूंचे रस्ते केले. बायबलमधले पक्षी दीड वर्ष केले. तुझा देवावर विश्वास आहे की नाही, ते मला आजतागायत माहीत नाही."

"असल्या गोष्टी माणूस विचारत नाही गं."

"आपल्याकडे नाही विचारत, तेच म्हणतेय. बुधवारी तू बोलणार आहेस ना? मी येते ऐकायला. मला एक वाक्य दे. पुस्तकातलं नको, तुझं. एक मिळालं तरी मी पोरींना घेऊन इथेच राहते. नाही मिळालं, तर रागावू नकोस."

रागावायचं कशाला, ऑगस्टाला धाप लागली होती. त्या बाकावर, डावीकडून तिसऱ्या, तिची आई बसायची, आजी बसायची. नवरा गेल्यावर त्याच्या जागी टेसा सरकून बसली होती. ती जागा रिकामी झाली तर ऑगस्टाला बाजूला कोट ठेवायला ऐसपैस जागा होणार होती, आणि त्या नुसत्या कल्पनेने तिला तीन रात्री झोप नव्हती. तिने मग तिला जे येत होतं ते केलं. टेबलाशी बसली, सहा ग्रंथ काढले आणि दर रविवारी चर्चमध्ये सगळे मिळून म्हणतात त्या श्रद्धेच्या घोषणापत्राच्या इतिहासावर अकरा पानांचा निबंध लिहिला, तळटिपांसकट.

सूप संपत आलं तशा मदर इनेझ उठल्या. नव्या धर्मगुरू. टेक्सासहून आलेल्या, चाळिशीच्या, आखूड केसांच्या. पॅरिशला त्या आवडत होत्या आणि त्या इतक्या उत्साही नसत्या तर आणखी आवडल्या असत्या.

"दर वर्षी आपण पाहुणे वक्ते बोलावतो," त्या म्हणाल्या. "या वेळी आपणच आपल्याला ऐकू या. विषय तुम्हाला माहीत आहेच. 'देव आणि मी.' पाच-पाच मिनिटं. तीन नावं आली आहेत आणि तिन्ही पेनिमन घराण्यातली, याचा मला फार आनंद आहे."

नावं पेनिमन मंडळींनी दिलेली नव्हती. इतर सगळ्यांनी पेनिमन मंडळींची दिली होती.

पहिला विन्थ्रॉप उठला. तो घंटाघराच्या छपराबद्दल बोलला. मोठ्या वादळात छपराचे तांब्याचे पत्रे कसे उडाले, एक पत्रा थेट बोटींच्या धक्क्यावर कसा सापडला, नवीन तांबं कोणत्या कंपनीचं घ्यावं यावर कमिटीत दोन वर्षं कसा वाद झाला. "आणि देवाच्या कृपेने," शेवटी त्याला विषयाची आठवण झाली, "गळती थांबली." लोकांनी मनापासून टाळ्या वाजवल्या. छपराबद्दल सगळ्यांनाच जिव्हाळा होता.

रोझमंड उठली. तिने इंग्लंडमधल्या एका कॅथीड्रलातली संध्याकाळची उपासना सांगितली. लहान मुलांचा गायनवृंद, दगडी कमानी, बाजूला बसलेल्या एका उमरावाची, अर्लची, बायको. "आणि तेव्हा मला जाणवलं," ती छातीवर हात ठेवून म्हणाली, आणि सगळा हॉल किंचित घाबरला, कारण आता ही खरंच काहीतरी सांगते की काय, असं वाटलं. "मला जाणवलं, की ध्वनिव्यवस्था कशी असावी, तर अशी." हॉलने सुटकेचा श्वास टाकला.

ऑगस्टा टेसाकडे बघत होती. टेसा शेवटच्या टेबलाशी बसली होती, शेजारी डेल. डेल दातांचा डॉक्टर. निम्म्या पॅरिशच्या तोंडात त्याचे हात जाऊन आले होते, पण त्याचे शब्द कोणाच्या कानात फारसे गेले नव्हते. तो डोंगराकडच्या, बाप्टिस्ट पंथाच्या घरातला. लग्न ठरलं तेव्हा रोझमंडने 'अरेरे' म्हणून ऑगस्टाला फुलं पाठवली होती. आत्ता तो अदबीने टाळ्या वाजवत होता. टेसा वाजवत नव्हती. ती नुसती थकलेली दिसत होती.

"जरा थांबू या का?" मदर इनेझ म्हणाल्या. "कोणाला आणखी सूप हवं असेल तर घ्या. मग ऑगस्टा बोलतील."

दोन्ही पातेल्यांच्या तळाशी सारखंच सूप उरलं होतं. आपापली पळी घेऊन दोन्ही बहिणी एकाच वेळी विन्थ्रॉपपाशी पोचल्या.

"तळाचं आहे, सगळी चव तळाला असते," ऑगस्टा म्हणाली.

"त्याला कालवं आवडतात. लहानपणापासून."

"लहानपणी तो घेवडाच खायचा."

"बायांनो," विन्थ्रॉप कपाळावरचा घाम टिपत म्हणाला, "माझं जरा…"

"हे एवढंच घे," दोघी म्हणाल्या. त्याने तिसरा घेतला. मग रोझमंडचा चेहरा बघून चौथाही घेतला.

ऑगस्टा तिच्या अकरा पानांसह उभी राहिली. चष्मा चढवला. "श्रद्धेचं घोषणापत्र," तिने वाचायला सुरुवात केली, "हे मुळात एका वादातून जन्माला आलं, आणि त्या वादाची पाळंमुळं समजून घ्यायची तर आपल्याला चौथ्या शतकात…"

तिने वर पाहिलं. टेसा कोट घालत होती. रागाने नाही, घाईनेही नाही. एक बाही, मग दुसरी. ऑगस्टाला वाटलं, कागद फेकून द्यावा आणि काहीतरी म्हणावं. पण काय म्हणायचं, ते कोणत्या पानावर होतं?

"आपल्याला चौथ्या शतकात जावं लागेल," ती म्हणाली, आणि तेवढ्यात विन्थ्रॉप खुर्चीवरून घसरला.

चमचा फरशीवर वाजला. मग खुर्ची पडली. क्षणभर कोणीच हललं नाही, कारण भाषण चालू असताना उठणं वाईट दिसतं. मग डेल टेबलांमधून धावत आला, त्याने विन्थ्रॉपचा टाय सोडला, मनगट धरलं आणि ओरडला, "कोणीतरी ॲम्ब्युलन्सला फोन करा!"

फोन चौघांनी केला. मदर इनेझ गुडघ्यावर बसल्या, विन्थ्रॉपच्या गालावर हात ठेवला आणि लगेच उठल्या. "आजाऱ्याला लावायचं पवित्र तेल चर्चमध्ये आहे, मी आणते. तोवर कोणीतरी त्यांच्यासाठी प्रार्थना करा." आणि त्या बागेतून चर्चकडे पळाल्या.

विन्थ्रॉपचा गुलाबी चेहरा राखेसारखा झाला होता. ऑगस्टा त्याच्याजवळ खाली बसली. किती वर्षांनी ती फरशीवर बसली होती, देव जाणे. त्याने तिचा हात पकडला.

"गसी, काळोख येतोय. म्हण काहीतरी. प्रार्थना म्हण."

"म्हणते. म्हणते हं, विन." ती मान वर करून म्हणाली, "पुस्तक द्या!"

हॉलमधले सगळे एकदम कामाला लागले. काहीतरी करायला मिळालं होतं. खुर्च्यांखालून, कपाटातून, पर्समधून पुस्तकं निघाली. रोझमंडने नवं प्रार्थनापुस्तक उघडलं. हे 'नवं' पुस्तक आलं तेव्हा ज्यांचा बाप्तिस्मा झाला ती मुलं आता आजी-आजोबा व्हायला आली आहेत, पण पेनिमन घराण्यात ते अजून नवंच.

"हे नको," मागून कोणीतरी म्हणालं. "विन्थ्रॉप जुनं मानतो. त्याला जुन्यातलं हवं."

"जुन्याचं पान कोणाला माहीत आहे?"

"त्यालाच माहीत आहे. त्याला विचारा."

"अहो, तो बेशुद्ध पडतोय!"

"सापडलं," रोझमंड म्हणाली. तिने पान उलटलं. "आजाऱ्यासाठी. नाही, हे 'आजारी बालकासाठी' आहे. पुढे 'शस्त्रक्रियेपूर्वी.' गसी, त्याच्या पुढचं…" तिचा आवाज फाटला. "पुढचं 'मरणाच्या वेळी' आहे."

"ते नको, त्याला ऐकू येतंय!"

"पण मग कुठलं? नेमकं काय झालंय त्याला, ते कळल्याशिवाय पान कसं काढायचं?"

डेल विन्थ्रॉपची नाडी धरून बसला होता. त्याने हळूच, डोंगराकडच्या अदबीने विचारलं, "मिस ऑगस्टा, मी करू का प्रार्थना?"

"अजून पान सापडलेलं नाही!" रोझमंड किंचाळली.

विन्थ्रॉपने डोळे मिटले. त्याच्या हाताची पकड सैल झाली. ऑगस्टाने त्याच्याकडे पाहिलं. याच हाताला धरून तिने त्याला शाळेच्या पहिल्या दिवशी नेलं होतं. नवरा गेला त्या दिवशी याच हाताने तिच्यासाठी दार उघडलं होतं, आणि मग काय बोलावं ते न कळून दिवसभर तिच्या अंगणातली पानं गोळा केली होती.

"देवा," ऑगस्टा म्हणाली.

पानं उलटणारे हात थांबले. तो आवाज वाचण्याचा नव्हता.

"देवा, मी ऑगस्टा. तू मला ओळखतोस की नाही, मला ठाऊक नाही. मी तुझ्याबद्दल पुष्कळ बोलले, तुझ्याशी कधी बोलले नाही. हा विन्थ्रॉप आहे. बावळट आहे. दोन म्हाताऱ्या भांडखोर बहिणींची मनं राखायला पोटात जागा नसताना चार वाडगे खाल्ले याने. चूक आमची आहे. याला नेऊ नकोस. बाकीचं तू काय करतोस, कसं करतोस, मला काही कळत नाही, आणि कळतं असं मी उगीच दाखवत आले. पण याला नेऊ नकोस. मला भीती वाटते रे. फार भीती वाटते."

ती थांबली. कोणी 'आमेन' म्हटलं नाही, कारण प्रार्थना संपली की नाही हे कोणालाच कळेना. पुस्तकात शेवट तिरप्या अक्षरांत छापलेला असतो.

"आमेन," डेल मोठ्याने म्हणाला.

"आमेन," शेवटच्या टेबलाशी टेसा म्हणाली. तिचा कोट अंगातच होता आणि ती रडत होती.

ॲम्ब्युलन्सच्या माणसांनी विन्थ्रॉपला आडवं केलं, पाय उंच केले, रक्तदाब घेतला आणि विचारलं, आज काय खाल्लं? दिवसभर काही नाही, आणि मग अर्ध्या तासात घेवडा, साय, शेरी, कालवं आणि पुन्हा एकदा तेच सगळं, हे ऐकल्यावर त्यांतल्या मोठ्याने दुसऱ्याकडे पाहिलं. हृदय ठीक होतं. नुसती भोवळ. तरी सत्तरीचा माणूस म्हणून रात्रभर हॉस्पिटलात ठेवायचं ठरलं. मदर इनेझ तेल घेऊन धापा टाकत आल्या तेव्हा विन्थ्रॉप स्ट्रेचरवर बसून टाय शोधत होता.

"काय झालं इथे?" सगळ्यांचे चेहरे बघून त्यांनी विचारलं.

"काही नाही," रोझमंड म्हणाली. "ऑगस्टा जरा हळवी झाली."

लोक ऑगस्टाभोवती जमले. जणू पडली होती ती ऑगस्टाच. कोणी पाण्याचा ग्लास दिला, कोणी खांद्यावर थोपटलं आणि झटकन हात काढून घेतला. तीस वर्षं ओळखीची माणसं तिच्या डोळ्यांकडे बघायचं सोडून तिच्या कॉलरकडे बघून बोलत होती.

"गसी," रोझमंड तिला बाजूला घेऊन, अगदी प्रेमाने म्हणाली, "तू घाबरली होतीस. अशा वेळी माणसाच्या तोंडून काहीही निघतं. कोणी मनाला लावून घेणार नाही."

"रोझ, तू पण घाबरली होतीस."

"मी पान शोधत होते," रोझमंड म्हणाली. मग तिची हनुवटी थरथरली. "मला दिसतच नव्हतं गं. अक्षरंच दिसत नव्हती." आणि वायफोर्डमधली सगळ्यात नीटनेटकी बाई नवं पुस्तक छातीशी धरून आपल्या बहिणीच्या जुन्या कोटात तोंड खुपसून हमसून रडली. ऑगस्टाने तिला रडू दिलं. साठ वर्षांत त्या अशा कधी उभ्या राहिल्या नव्हत्या.

हॉस्पिटलात विन्थ्रॉपने पहिली तक्रार केली ती ऑगस्टाबद्दल.

"देवासमोर मला बावळट म्हणालीस. ऐकलं मी."

"तो ओळखतो तुला," ऑगस्टा म्हणाली. "खोटं सांगून काय उपयोग होता?"

"चार वाडग्यांचं सांगायची काय गरज होती?"

"झोप आता. उद्यापासून तुला कोणी वाढणार नाही."

घरी सोडायला टेसाच होती. गाडी ऑगस्टाच्या दारात थांबली तरी दोघी उतरल्या नाहीत.

"मला ते पुन्हा जमणार नाही," ऑगस्टा म्हणाली. "आधीच सांगते. तू त्यासाठी राहणार असशील, तर राहू नकोस. पुढच्या रविवारी मी पुन्हा पुस्तकातलंच वाचेन, आणि तू म्हणशील, आईने फसवलं."

"मी एक मागितलं होतं."

"हो, पण ते ठरवून नव्हतं आलं. तुझ्यासाठी नव्हतं. तेव्हा तू माझ्या लक्षातही नव्हतीस, टेसा."

"माहीत आहे," टेसा म्हणाली. "म्हणून तर राहतेय."

ऑगस्टाने पर्समधून रुमाल काढायला घेतला तर हाताला निबंध लागला. तो तिने तसाच आत ढकलला.

"आणि आई, वर्ग मला दे. उद्या नाही, परवा नाही, येत्या रविवारपासून. विन मामाने मला शब्द दिलाय."

"त्याने सगळ्यांनाच दिलाय."

"हो, पण मला शुद्धीवर आल्यावर दिलाय."

त्या रविवारी हॉलमध्ये नेहमीपेक्षा जास्त माणसं होती. काय झालं ते गावभर झालं होतं, आणि आता काय होतंय ते बघायला लोक आले होते. विन्थ्रॉप पहिल्या रांगेत, डेलच्या शेजारी, हातात नुसता काळा चहा घेऊन. रोझमंड शेवटच्या रांगेत दाराशी, म्हणजे असह्य झालं तर उठता यावं. ऑगस्टा तिच्या बाजूला बसली. जन्मात पहिल्यांदा ती या खोलीत माणसांच्या पाठी बघत होती.

टेसा पुढे उभी राहिली. तिच्या हातात कागद नव्हता, ग्रंथ नव्हता. लोकांनी सवयीने वह्या उघडल्या होत्या.

"पक्षी झालेत, खिडक्या झाल्यात," ती म्हणाली. "आज मी एकच प्रश्न विचारणार आहे. वह्या मिटल्या तरी चालतील. इथे कोणाला कधी देव भेटलाय का?"

कोणी खाकरलं. कोणी चहा ढवळला, साखर नसताना. विन्थ्रॉप छताकडे बघू लागला, तिथे गळती वगैरे आहे का म्हणून. मदर इनेझ दारात उभ्या होत्या, त्यांनीसुद्धा श्वास रोखला होता. टेसा थांबून राहिली. ती घाई करत नव्हती, पण तिच्या मानेवर तांबडं चढत होतं, आणि ते फक्त तिच्या आईला दिसत होतं.

"गसी," रोझमंड ओठ न हलवता पुटपुटली, "खाली ठेव. लोक बघतायत."

पण ऑगस्टाचा हात वर गेला होता, शाळकरी मुलीसारखा, सरळ.

"मला भेटला," ती म्हणाली. "बुधवारी. फार वेळ थांबला नाही."